कोपरा कापलेलं पाकीट

भगीरथ पष्टे पोस्टमन होता, पण पुरता नव्हे. सरकारी भाषेत तो 'ईडी', म्हणजे खात्याबाहेरचा माणूस. पगार निम्मा, पेन्शनच्या नावाने पूज्य, आणि काम मात्र आख्खं. धसईच्या स्टँडवर सकाळी साडेदहाच्या एसटीतून टपालाची पिशवी उतरायची. ती खांद्याला मारून हा गडी आधी आपल्या गावच्या पोस्टात जायचा, तिथे शिक्के मारून घ्यायचा आणि मग सहा वाड्या पायी फिरायचा. दर चार महिन्यांनी चप्पल झिजायची. बायको सुरेखा म्हणायची, "सरकारनं तुमाला नोकरी नाय दिली, चालायची शिक्षा दिलीया."

अशा माणसाला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद लागावा, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण लागला. नव्वद साली काही कामाने तो शहापूरला गेला होता. तिथल्या पोस्टाच्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ कारकुनाला विनवत होते, "बाबा रे, शिक्का हलका मार. त्या बिचाऱ्या चित्राचं तोंड काळं करू नकोस." हे धानके मास्तर, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. आपण रोज शेकडो तिकिटांचं तोंड काळं करतो, ही गोष्ट भगीरथच्या मनात तोवर आलीच नव्हती. त्याने विचारलं, "हलका मारला तर काय व्हतं?" मास्तर त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले. पहिला चहा झाला, दुसरा झाला, आणि परतीची शेवटची गाडी कधी निघून गेली ते दोघांनाही कळलं नाही.

मास्तरांनी त्याला सगळं शिकवलं. तिकिटाच्या कडेला असतात ते दाते. एक दाता जरी तुटला तरी तिकिटाची किंमत गेली. मागचा गोंद शाबूत आणि शिक्का न बसलेलं ते कोरं तिकीट. पत्रावरून प्रवास करून आलेलं ते वापरलेलं. एका विषयावर एकाच वेळी निघालेली चार तिकिटं असतील तर तो संच, आणि संचातलं एक जरी नसलं तरी बाकीची तीन पोरकी. तिकीट वहीत कधी चिकटवायचं नाही. हिंज नावाची कागदाची बारीक घडी असते, तिच्यावर ते टेकवायचं. बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं. पाकिटावरून काढायचं तर ओढून नाही. चांगला बोटभर कागद सोडून चौकोनी कापायचं, कोमट पाण्यात पोहू द्यायचं, आपोआप सुटलं की टिपकागदावर वाळवायचं.

"आणि खरं सांगू का," मास्तर म्हणाले, "खरा शहाणा जमवणारा असेल तो तिकीट कापतच नाही. आख्खं पाकीट ठेवतो. ते कुठून निघालं, कधी निघालं, कुणाच्या हाती पडलं, हे सगळं पाकिटावर असतं."

"पाकिटं माझी कुठं, मास्तर? पाकिटं लोकांची," भगीरथ म्हणाला. मास्तर हसले आणि म्हणाले, बरोबर आहे.

लोक विचारायचे, या कागदाच्या चिटोऱ्यांतून तुला मिळतं काय? मिळत नव्हतं असं कसं म्हणावं! मुरबाडच्या पलीकडे फारसा न गेलेला हा माणूस कुठल्या राज्याचा पक्षी कुठला, जगात बर्फाचे डोंगर कुठे आहेत, हे पोराटोरांना सांगायचा. आठवीत शाळा सुटली होती, ती पुन्हा भरली. नजर अशी तयार झाली की हातभर अंतरावरून तुटका दाता ओळखायचा. दारू नाही, पत्ते नाहीत. रविवारी ओटीवर पाण्याचं ताट घेऊन बसायचा. सुरेखा त्या दोन वह्यांना आपल्या सवती म्हणायची. एक कोऱ्या तिकिटांची, विडीकाडीचे पैसे वाचवून घेतलेल्या. दुसरी वापरलेल्यांची, आणि तिच्याबद्दल त्याचा स्वतःचा एक नेम होता. आपल्या सहा वाड्यांत जी तिकिटं पत्रांवरून आली तेवढीच त्या वहीत जाणार. विकत घेतलेलं किंवा कुणी दिलेलं एकही नाही.

वाड्यांमध्ये लिहिता-वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे पत्र द्यायचं, उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचं, हवं तर उत्तर लिहायचं, हे सगळं भगीरथच्याच गळ्यात. वाचून झालं की तो विचारायचा, "तिकीट घेऊ का?" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "घे बाबा, घे. पोराबाळाचा खेळ तुझा." मग खिशातलं ब्लेड निघायचं. एकच अपवाद होता. त्या भागात मयताची बातमी पत्राने कळवायची तर लिहिणारा पत्राचा एक कोपरा फाडतो. घेणाऱ्याला दुरूनच कळतं. असलं पत्र घरात न्यायचं नसतं, ठेवायचं तर मुळीच नसतं. उंबऱ्याबाहेर काय ते ऐकायचं, फाडून पाण्यात सोडायचं आणि अंघोळ करायची. असली पत्रं भगीरथने कितीतरी पोचवली होती, आणि त्यांच्यावर तिकीट कितीही देखणं असलं तरी त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्याच्या वाटेवरची शेवटची वाडी ठाकरांची, डोंगराच्या पोटात. तिथे धोंडीबाई राहायची. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक पोर जैतू. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, अंगाने काटक, बोलायला गोड. चौऱ्याण्णव साली हा जैतू नदीपलीकडच्या वाडीतल्या सोनीच्या मागे लागला. पोरगी परजातीची. धोंडीबाईने आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, आणि शेवटी सगळ्या वाडीसमोर ओरडली, "जा तिकडं! तू मला मेलास!" दुसऱ्या दिवशी जैतू आणि सोनी दोघंही नाहीशी झाली. राग काय, भाकरीवरची वाफ. आठवडा पुरता झाला नाही तोच धोंडीबाई वाडीच्या वळणावर येऊन उभी राहिली.

"भगीरथा, माझं काय हाय का रे?"

"नाय गो मावशी."

असं तीन वर्षं चाललं. वळणावर ती दिसली की भगीरथ लांबूनच हात हलवायचा, म्हणजे बाईला उगाच वाट बघायला नको. रिकामा हात हलवायचा त्याला मनापासून कंटाळा यायचा.

सत्त्याण्णव साली, शिमगा आठवड्यावर आला असताना, एका शुक्रवारी पिशवीतून तिच्या नावाचं पाकीट निघालं. जाडजूड, निळ्या शाईचं. भगीरथला इतका आनंद झाला की बाकीच्या पाच वाड्या सोडून तो आधी डोंगराकडे सुटला. वाटेत पाकीट उलटं-सुलटं करून पाहिलं, तर तिकीट कोणतं! रानफुलांचा चार तिकिटांचा एक संच निघाला होता. त्यातली तीन त्याच्या वाटेवर आली होती आणि चौथं दोन वर्षं हुलकावणी देत होतं. तेच हे. दाते शाबूत, शिक्का पुसटसा. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, शहापूरला धानके मास्तर तिकिटांचं प्रदर्शन भरवणार होते, त्यात तिकिटं लावायला भगीरथलाही एक फळी मिळाली होती. 'माझ्या वाटेवरची तिकिटं' असं मास्तरांनी तिला नावही देऊन टाकलं होतं. शनिवारी सकाळी ती नेऊन लावायची होती.

वाडीत पोचला तर धोंडीबाईचं दार बांधलेलं. शेजारची लहानी अंगणात नाचणी पाखडत होती. ती म्हणाली, "ती मोहाला गेलीया, वरच्या रानात. उद्या दिस मावळायच्या टायमाला येल."

भगीरथ ओट्यावर बसला. आता सोमवारशिवाय त्याला यायला जमणार नव्हतं. पाकीट पिशवीत परत न्यावं तर तीन वर्षं वाट पाहणाऱ्या बाईला आणखी दोन दिवस ताटकळत ठेवल्यासारखं होतं. निदान पोराचं पत्र हातात तरी धरू दे, वाचू आपण सोमवारी. आणि तिकीट? पत्र घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत ते सरकारचं असतं, त्याला ब्लेड लावणं हा गुन्हा, हे भगीरथला काय ठाऊक नव्हतं! पण मन मोठं वकील असतं. मागितल्यावर ती नाही थोडंच म्हणणार आहे? आज घेतलं काय आणि सोमवारी घेतलं काय.

लहानी सूप ठेवायला आत गेली तसं त्याने ब्लेड काढलं, चांगला बोटभर कागद सोडून वरचा उजवा कोपरा चौकोनी कापला आणि पाकीट कारवीच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलं. लहानी बाहेर आली तेव्हा तिला सांगितलं, "मावशीला सांग, पत्र आलंय. सोमवारी येऊन वाचून देतो."

मेल्याच्या पत्राचा कोपरा हाताने फाडलेला असतो, वेडावाकडा. भगीरथने कापला तो सुबक, सरळ रेघेत. तुटका दाता हातभर अंतरावरून ओळखणाऱ्या त्या डोळ्यांना या दोन गोष्टी एक वाटल्याच नाहीत. ती गोष्ट त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

शहापूरला मोठी मजा झाली. फळीपुढे लोक थांबत होते, विचारत होते. मास्तरांनी भाषणात सांगितलं की छंद माणसाला बघायला शिकवतो, आणि या खेड्यातल्या पोस्टमनने पायांनी जमवलं ते आम्ही पैशांनी जमवू शकलो नाही. भगीरथला दुसरं बक्षीस मिळालं. सोमवारी तो पेढ्यांचा पुडा घेऊन वाडीकडे निघाला. पहिला पेढा धोंडीबाईला द्यायचा होता.

वळणावर ती नव्हती. घरापुढे माणसं बसली होती, खाली मान घालून. चूल थंड. धोंडीबाई कुडाला टेकून बसली होती, केस सुटलेले, आणि तिच्या तोंडून एकच निघत होतं, "माझी जीभ काळी. मीच म्हनलं व्हतं. मीच म्हनलं व्हतं."

लहानीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. शनिवारी संध्याकाळी धोंडीबाई रानातून आली. पाकीट बघितलं, कोपरा नाही. वाचायला कुणी नव्हतं, आणि वाचायचं तरी काय उरलं होतं? लहानी म्हणाली, "तुमी त्या दिवशी थांबला न्हाईत, तवाच माझ्या मनात आलं. म्हनलं, भगीरथदादाला सांगवलं नाय, म्हनून गेला." धोंडीबाईने ओढ्यावर जाऊन पत्राचे तुकडे केले, डोहात सोडले आणि तिथेच अंगावर पाणी घेतलं.

हा घोळ आपल्या ब्लेडने केला, हे भगीरथला आता उमगलं. तोंड उघडून म्हणायचं होतं, अगो मावशी, तो मेला नाय, कोपरा मी कापला. चार शब्द. पण समोर तीस माणसं, हातात पेढे, आणि पोटात नोकरीची भीती. त्याने पुडा पिशवीत खोल दडवला आणि गप्प बसून राहिला. लोकांना वाटलं, केवढं मनाला लावून घेतलं बिचाऱ्याने. एका म्हाताऱ्याने तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना तो ओढ्यात उतरला. डोहात कमरेइतकं पाणी होतं. चिखलातून, दगडांच्या सांदीतून त्याने कागदाचे तुकडे वेचले. भिजल्या कागदाशी त्याची सात वर्षांची ओळख. एकेक तुकडा तळहातावर घेऊन घरी नेला, टिपकागदावर पसरला, वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाटा उचलला तर कागद वाळले होते आणि शाई निघून गेली होती. कुठे निळा डाग, कुठे तेवढाही नाही. सुरेखाने विचारलं, काय हे? त्याने तुकडे गोळा करून घेतले.

मग त्याला तिकीट आठवलं. तिकिटावर शिक्का असतो, शिक्क्यात गावाचं नाव! तसाच धावत शहापूरला गेला, मास्तरांच्या घरी ठेवलेल्या आपल्या फळीवरून तिकीट उतरवलं आणि भिंगाखाली धरलं. पाच लाटा, बस्स. मोठ्या शहरांतल्या पोस्टात शिक्का यंत्राने मारतात. त्याचा गावाचं नाव असलेला गोल भाग डावीकडे पाकिटावर उमटतो आणि तिकिटावर येतात नुसत्या लाटांसारख्या रेघा. गावाचं नाव पाकिटावर होतं आणि पाकीट डोहात गेलं होतं. ते नाव डोळ्यांखालून गेलं असणारच. रोज शेकडो शिक्के वाचणारा माणूस तो! पण त्या दिवशी डोळे त्या चौथ्या फुलावर खिळले होते, दुसरं काहीच आठवेना. धानके मास्तरांना त्याने सगळं सांगितलं. म्हातारा भिंग पुसता पुसता म्हणाला, "तिला सांग. आजच सांग."

आजच! काय सांगणार? पोरगा जिता आहे, पण कुठे आहे ते ठाऊक नाही, काय लिहिलं होतं तेही ठाऊक नाही? अशी स्वतःची समजूत काढत भगीरथने एक दिवस घालवला, मग दुसरा. शिमगा आला. त्या वर्षी ठाकरवाडीत होळी पेटली नाही. भगीरथ रोज वाडीच्या अलीकडून परत फिरू लागला. भित्रा होता तो, दुसरं काय म्हणायचं?

शिमग्यानंतरच्या बुधवारी जैतूचा बारावा होता. सकाळी भगीरथने स्टँडवर साडेदहाची पिशवी घेतली. खाली मान घालून तो निघाला तो थेट वाडीवर. ओढ्याच्या काठी पान वाढून ठेवलं होतं, आणि सकाळपासून कावळा शिवत नव्हता. म्हातारी माणसं आपसांत बोलत होती, पोराचा जीव कशात तरी अडकलाय. धोंडीबाई पानापुढे हात जोडून बसली होती, आणि तिच्या सुकलेल्या तोंडातून आवाजसुद्धा निघत नव्हता. ते मात्र भगीरथला बघवलं नाही. तो सगळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, उठ. जैतू मेला नाय. कोपरा मी कापला. तिकिटासाठी."

कुणी तरी त्याच्या तोंडात भडकावली. त्याने हात वर केला नाही. धोंडीबाई उठली, त्याच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मेला नाय? खरंच नाय? मग काय लिवलं व्हतं रे? कुठं हाय माझा जैतू?"

"मी वाचलं नव्हतं," भगीरथ म्हणाला, आणि रडायला लागला.

धोंडीबाईने त्याची तक्रार केली नाही. वाडीतल्या पोरांनी ती करायचं म्हटलं तर तिनेच अडवलं. म्हणाली, "ह्याची नोकरी गेली तर माझं पत्र कोन आननार?" बाई व्यवहाराचं बोलली, पण भगीरथला ते त्या भडकावण्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा वळणावर उभी राहू लागली.

मग भगीरथने काय केलं, तर कोऱ्या तिकिटांची वही काढली. कोरं तिकीट म्हणजे गोंद शाबूत, म्हणजे ते कितीही वर्षांनी पत्राला चालतं. ज्या ज्या शहरांत शिक्क्याचं यंत्र असेल त्यांची यादी मास्तरांनी करून दिली. सुरत, अहमदाबाद, नागपूर, इंदूर, पुणे. तिथल्या पोस्टमास्तरांना, मजुरांच्या मुकादमांना, वीटभट्ट्यांच्या मालकांना तो पत्रं लिहू लागला. जैतू नावाचा ठाकर, उंची एवढी, बायको सोनी, आई वाट बघते. जुनी तिकिटं कमी किमतीची, म्हणून एकेका पाकिटावर पाच-पाच लावायला लागायची. चिमट्याशिवाय ज्यांना हात लावला नव्हता ती तिकिटं तो जिभेने ओली करून चिकटवायचा. पक्षी गेले, देवळं गेली, आगगाड्या गेल्या. सुरेखाने एकदा विचारलं, "किती ऱ्हायली?" तो म्हणाला, "हायेत अजून." सवत म्हणून ज्या वहीला तिने नावं ठेवली, ती रिकामी होताना बघून तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. ओटीवरचं पाण्याचं ताट तिने पुन्हा स्वयंपाकघरात नेलं.

उत्तरं आली तीही कशी? पत्ता अपुरा. असा इसम येथे नाही. कृपया संपूर्ण तपशील कळवावा. भगीरथ प्रत्येक उत्तर उंबऱ्यावर बसून धोंडीबाईला वाचून दाखवायचा आणि ती म्हणायची, "बरं बरं. शहर मोठं असंल." चार वर्षांत वही संपली. धानके मास्तर त्याआधीच वारले होते. त्यांची तिकिटं पोरांनी कुणाला तरी देऊन टाकली. भगीरथने नवं तिकीट पुन्हा जमवलं नाही. एखाद्या पत्रावर देखणं दिसलं तर तो ते बोटाने झाकायचा.

दोन हजार दोन साली, पेरणीच्या आधी, धोंडीबाई अंथरुणाला खिळली. भगीरथ रोज जायचा. एका सकाळी तिने त्याला जवळ बसवलं.

"भगीरथा, त्याला मी नाय दिसनार आता. तो आला तर दुसऱ्या कुनी सांगायचं नाय. तूच सांग. सगळं सांग. ती सोनी कशी हाय, तेबी इचार."

"तू माझ्यावर रागावलीस का गो, मावशी?"

तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय. लई." आणि त्याचा हात मात्र धरूनच ठेवला. दोन दिवसांनी ती गेली.

जैतू आला तो दोन हजार सहाच्या मे महिन्यात. भगीरथ तेव्हा ओटीवर बसून दोऱ्या वळत होता. अंगणात एक जाडसर, केस पिकायला लागलेला माणूस उभा, हाताशी आठ-नऊ वर्षांची पोरगी. भगीरथने त्याला ओळखलं आणि हातातली दोरी बाजूला टाकली. सुरेखाने घोंगडी टाकली आणि दोन पेल्यांत पाणी आणून ठेवलं.

जैतू वाडीवर जाऊन आला होता. आई गेल्याचं त्याला भट्टीवर भेटलेल्या तानशाकडच्या एका माणसाने सांगितलं होतं, म्हणून तो आला होता. घर पडलं होतं, लहानीही आता नव्हती. कुणीतरी म्हणालं, पोस्टमनला विचार, त्याला सगळं ठाऊक आहे.

"अहमदाबादेत व्हतो," तो म्हणाला. "ही काजल, माझी पोर. सोनी दोन वर्सांमागं गेली." मग त्याने पोरीला जवळ बसवून घेतलं. "भगीरथदादा, मला येकच इचारायचंय. आयेनं मला शेवटपर्यंत माफ केलं नाय ना?"

"असं का बोलतोस?"

"मी पत्र टाकलं व्हतं. तुमीच दिलं असंल तिला. त्यात लिवलं व्हतं, आये, सोनीला दिस गेलेत, आमाला घरी यायचंय. शिमग्यानंतरच्या बुधवारी धसईच्या स्टँडवर येतो. राग गेला असंल तर न्यायला ये. नाय आलीस तर मी समजंन, आनि परत तुला तोंड दाखवनार नाय." त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "सोनी पोटुशी. दोघं दिसभर बसलो तिथं. साडेदहाची गाडी आली, तुमी पिशवी उतरवून घेतलीत. मला वाटलं, हाक मारावी. पन तुमी मान वर केलीच नाय. म्हनलं, भगीरथदादालासुदीक आपलं तोंड बघायचं नाय. पाचच्या शेवटच्या गाडीनं परत गेलो."

भगीरथला तो दिवस आठवला. बुधवार. साडेदहा. तो दहा पावलांवरून गेला होता. दुपारी ओढ्याच्या काठी त्याने भडकावून घेतली, धोंडीबाईने सदरा धरून विचारलं कुठं हाय माझा जैतू, तेव्हा जैतू तासाभराच्या वाटेवर, बायकोला सावलीत बसवून, वाडीच्या रस्त्याकडे डोळे लावून होता. पाच वाजेपर्यंत होता.

मग त्याने सांगितलं. धोंडीबाईने सांगितलं होतं तसं सगळं. चौथं फूल, ब्लेड, कुडात खोचलेलं पाकीट, डोह, बाराव्यापर्यंत गप्प राहिलेला आपला भित्रेपणा. त्या बुधवारी ती स्टँडवर का आली नाही, ती कुठे, कुणाचे दिवस घालत बसली होती. सांगताना त्याने स्वतःला कुठे सवलत दिली नाही. सुरेखा दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती.

जैतूने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हंजे तिला राग नव्हता?"

"नव्हता रे बाबा. तू गेलास त्याच आठवड्यात गेला व्हता. मरेपर्यंत तुझीच वाट बघत व्हती. सोनीचीपन इचारपूस करायला सांगून गेलीय."

जैतू रडला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. बाप रडताना काजलने कधी पाहिला नसावा. ती घाबरून त्याच्या पाठीला बिलगली. नऊ वर्षं तो आईचा राग उराशी घेऊन जगला होता, आणि सोनी तर तो घेऊनच गेली होती. भगीरथने हात पुढे केला, पण त्याला स्पर्श करायचं धाडस झालं नाही.

बऱ्याच वेळाने जैतूने तोंड पुसलं. उन्हातून आलेल्या पोरीला तहान लागली होती. तिने पेल्याकडे हात नेला. जैतूने तिचा हात धरला, जोरात नाही, पण घट्ट.

"हितं नको, बाय," तो म्हणाला. "वाटेत पिऊ."

तो उठला, चपला घातल्या आणि पोरीला घेऊन अंगणातून बाहेर पडला. भगीरथ खांबाला धरून उभा राहिला. त्याने त्यांना थांबवलं नाही.